परतीची बोट

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. अंगावर ड्रॅगनच्या हाडांचं चिलखत होतं, आणि पाठीवर ओझं इतकं की आणखी एक ढाल उचलली असती तर पळणं बंद होऊन नुसतं रखडत चालावं लागलं असतं. समोर राखेनं माखलेला एक धक्का, आणि मला व्हाइटरनला घरी जायचं होतं. तिथल्या पेटीत हे सगळं ओतायचं आणि झोपायचं, एवढाच बेत. नकाशा उघडला तर नकाशावर व्हाइटरन नव्हतंच. विंडहेल्म नाही, रिफ्टन नाही, ते सात हजार पायऱ्यांचं शिखरही नाही. एक बेट आणि भोवती पाणी.

हा २०१३ चा उन्हाळा. खेळ स्कायरिम. तो न खेळलेल्यांसाठी एवढंच सांगतो, की उत्तरेकडचा एक थंड, डोंगराळ मुलूख आहे, त्यात आपण हवं तिथे हिंडायचं, आणि एकदा पाहिलेल्या कुठल्याही गावी नकाशावर बोट ठेवून क्षणात पोचायचं. या सोयीची सवय फार लवकर लागते. दोनशे तास खेळून झाल्यावर तर रस्ता नावाची गोष्ट असते हेच विसरायला होतं. त्यात २०१२ च्या डिसेंबरात एक्सबॉक्सवर आणि दोनेक महिन्यांनी पीसीवर 'ड्रॅगनबॉर्न' नावाचा विस्तार आला. विस्तार म्हणजे मूळ खेळाला जोडलेला नवा तुकडा. इथे तो सोल्स्थाइम नावाचं अख्खं बेट होता. मी मोठ्या हौसेनं गेलो, आठवडाभर हिंडलो, आणि त्या रात्री धक्क्यावर उभा राहून लक्षात आलं की परत कसं जायचं ते आपल्याला माहीतच नाही.

मग माणूस जे करतो ते केलं. पाण्यात उडी मारली. पश्चिमेकडे स्कायरिमचा किनारा असणार, तर पोहत जाऊ. बराच वेळ पोहलो. मग इकडून जाता येणार नाही अशी ओळ पडद्यावर आली, आणि माझा वीर समुद्राच्या मधोमध हवेच्या भिंतीला डोकं लावून हातपाय मारत राहिला. शेवटी नागपूरला भाच्याला मेसेज केला. तो तेव्हा नववीत होता आणि परीक्षा संपलेली असल्यामुळे अर्थातच जागा होता. त्याचं उत्तर आलं: "मामा, बोटवाल्याशी बोला ना. ज्यानं आणलं तोच नेते परत."

इतकं सोपं होतं. बोटवाला माझ्यापासून वीस पावलांवर उभा होता. त्याच्या बाजूनं मी दोनदा गेलो होतो.

भाच्यानं आणखी एक पर्याय दिला होता. कन्सोल, म्हणजे खेळाला थेट हुकूम टाइप करून द्यायची खिडकी, उघडून 'सीओसी व्हाइटरन' टाकायचं की झालं, थेट गावात. हे मी केलं नाही. तत्त्वाबित्त्वाचा प्रश्न नव्हता, पण ते बरोबर वाटलं नाही एवढं खरं. का वाटलं नाही हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि ते कळलं एका खाणीमुळे.

आधी बोटवाल्याचं सांगतो, कारण त्याच्याइतकं चांगलं पात्र त्या विस्तारात दुसरं नाही असं माझं मत आहे. त्याचं नाव ग्यालुंड सॉल्ट-सेज, बोट 'नॉर्दर्न मेडन'. विस्ताराची सुरुवात अशी होते, की मुखवटे घातलेली काही माणसं भर रस्त्यात आपल्यावर चालून येतात. त्यांना लोळवलं की खिशात चिठ्ठी सापडते आणि तिच्यात या बोटीचं नाव असतं. आपण विंडहेल्मच्या धक्क्यावर जाऊन विचारतो. ग्यालुंड म्हणतो, मी आता त्या बेटावर जाणार नाही. का? तर मुखवटेवाले बोटीत चढले एवढं त्याला आठवतं, आणि मग थेट विंडहेल्म. मधला प्रवासच आठवत नाही. आयुष्य समुद्रावर काढलेला माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या बोटीची एक खेप त्याच्या डोक्यातून कुणीतरी पुसून टाकली आहे. त्याची भीती ड्रॅगनची नाही, चेटकाची नाही. आपण कसे आलो ते सांगता येत नाही, याची आहे. मग त्याला पैसे दाखवून, नाहीतर समजावून किंवा धमकावून आपण तयार करतो, आणि तो आपल्याला नेतो. तोही प्रवास आपल्याला दिसत नाही. पडदा काळा होतो आणि पलीकडचा धक्का येतो. म्हणजे त्याच्यासारखीच आपलीही खेप पुसली जाते. हे लिहिणाऱ्यानं मुद्दाम केलं की खेळाच्या यंत्राची अडचण होती, देव जाणे. मला ते मुद्दाम केल्यासारखं वाटायला आवडतं.

यंत्राची अडचण मात्र खरी आहे. खेळाचं जग आतून कप्प्याकप्प्यांचं असतं. स्कायरिमचा मुलूख एक कप्पा, सोल्स्थाइम दुसरा. नकाशावर बोट ठेवून उडी मारायची सोय एका कप्प्याच्या आतच चालते. कप्पा ओलांडायचा तर दार लागतं, गुहेचं तोंड लागतं, नाहीतर बोट. बेटाच्या कुठल्याही कोपऱ्यातून क्षणात रेवन रॉकच्या बंदरापर्यंत येता येतं, पण तिथून पुढे माणसाशी बोलावंच लागतं. बेटावर पहिल्यांदा उतरल्यावर एड्रिल अरानो नावाचा गावचा कारभारी समोर येतो आणि पहिल्याच भेटीत बजावतो, की हे मोरोविंड आहे, स्कायरिम नव्हे. मी ते चालत चालत ऐकलं होतं. नीट ऐकलं असतं तर पुढचं पोहणं वाचलं असतं.

जाण्याची तयारी खेळवाले किती करतात पाहा. हल्लेखोर, चिठ्ठी, गूढ, अडवणारा नावाडी. परतीसाठी काय, तर त्याच नावाड्याच्या संवादात एक ओळ. बहुतेक खेळांत एवढंही नसतं. 'विचर ३' मध्ये 'ब्लड अँड वाइन' या २०१६ च्या विस्तारात तुसाँ नावाच्या द्राक्षमळ्यांच्या देशात जायला आधी सरदार बोलवायला येतात, मग घोड्यावरून मिरवत प्रवेश. परत येताना रस्त्यावरच्या कुठल्याही पाटीपाशी उभं राहायचं, नकाशा मोठा करायचा, दुसरा देश निवडायचा. एवढ्या ऊनसावलीच्या देशातून उठून एकदम वेलेनच्या चिखलात, झाडाला लटकवलेल्या माणसांच्या गावात. मधे काहीच नाही. मला तर दोन-तीन वेळा वाटलं की आपण चुकीचं बटण दाबलं.

'एल्डन रिंग'चं वेगळंच. तिथला 'शॅडो ऑफ द अर्डट्री' हा विस्तार २१ जून २०२४ ला आला. आत जायला मूळ खेळातले दोन दांडगे शत्रू आधी मारून यावं लागतं आणि मग एका कोषातून बाहेर लोंबणाऱ्या वाळलेल्या हाताला स्पर्श करायचा. परत यायला नकाशा बदलायचं एक बटण. ते बटण आहे हे न कळल्यामुळे कित्येक जण तिकडे अडकून बसले, त्यांचं मला हसू येत नाही. मी पोहलेला माणूस आहे. पण त्यातली खरी गंमत पुढे आहे. त्या सावलीच्या मुलखात एका विशिष्ट झाडाचे तुकडे गोळा करून आपलं बळ वाढवायचं असतं, आणि ते बळ फक्त तिथेच चालतं. मूळ मुलखात परतलो की आपण होतो तेवढेच. तीन वर्षं परदेशी प्रोजेक्टवर राहून पुण्याला परतलेल्या माझ्या एका मित्राला मी हे सांगितलं. तो म्हणाला, हे बनवणारा माणूस कधीतरी ऑनसाइटहून परत आलेला असणार.

'ऑब्लिव्हियन'च्या २००७ मधल्या 'शिव्हरिंग आइल्स'मध्ये परतीचा विचार पहिल्याच प्रसंगात केला आहे. खाडीतल्या छोट्या बेटावर एक विचित्र दार उघडलेलं असतं. बाहेर पहारेकरी उभा. आपण बोलत असतानाच आतून एक माणूस बाहेर येतो, पुरता भ्रमिष्ट, आणि अंगावर धावून येतो. पहारेकरी त्याला तिथल्या तिथे मारतो. म्हणजे परत येणारा माणूस असा असतो हे बघून मग आपण आत जायचं. आणि परतीची वाट तीच, ज्या दारानं गेलो तेच दार. अभिमन्यूची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या माणसाला हे दार बघून बरं वाटतं, निदान आहे तरी.

'फॉलआउट न्यू व्हेगास'मधलं सिएरा माद्रे नावाचं जुगारघर सगळ्यात क्रूर. आत जातानाच अंगावरचं सगळं काढून घेतात, गळ्यात स्फोटक पट्टा, आणि एकदा बाहेर पडलात की पुन्हा तिथे कधीच जाता येत नाही. तळघरात सोन्याच्या ३७ विटा ठेवलेल्या असतात, प्रत्येकीचं वजन खेळाच्या मापात ३५. सगळ्या नेता येत नाहीत, आणि लिहिणाऱ्यांचं सांगणं तेच आहे, की सोडायला शिका. खेळणाऱ्यांनी अर्थातच सगळ्या विटा बाहेर काढायच्या युक्त्या शोधून काढल्या. त्यात माझा भाचाही आहे. सोडायला शिका असं सांगून कोण कधी शिकलंय!

पण सोल्स्थाइमकडे वळतो, कारण त्या बेटावर २०१३ मध्ये मी पहिल्यांदा गेलो नव्हतो.

२००५ मध्ये पुण्यात हॉस्टेलवर होतो. खोलीत चौघं, संगणक एक, तोही ज्याचा होता तो रात्री झोपला की आमचा. त्यावर 'मोरोविंड' होतं, स्कायरिमच्याच मालिकेतला २००२ चा खेळ, आणि त्याचा २००३ चा विस्तार 'ब्लडमून'. त्यातही हेच सोल्स्थाइम. मोरोविंडमध्ये नकाशावर बोट ठेवून उडी मारायची सोय नव्हती. गावोगाव जायला महाकाय किड्यांच्या पाठीवरची सवारी, बोटी, आणि जादूगारांच्या संघात पैसे भरून पलीकडच्या गावात फेकून घ्यायची व्यवस्था. हे सगळं आमच्या तालुक्याच्या एस.टी.सारखं होतं. कुठून काय सुटतं ते पाठ लागायचं. सोल्स्थाइमची बोट खूल नावाच्या कोळ्यांच्या गावातून सुटायची, चालवणारा मांजरमुखी, आणि ती फोर्ट फ्रॉस्टमॉथ नावाच्या किल्ल्यापाशी सोडायची. परतीची बोट किल्ल्याच्या धक्क्यावरून, ती चालवणारा पालीसारखा. त्याचं नाव 'बास्क्स-इन-द-सन', म्हणजे उन्हात पहुडणारा. बर्फाच्या बेटावर असं नाव घेऊन तो बिचारा वर्षानुवर्षं उभा होता.

आणि त्या खेळात सोल्स्थाइम वेगळ्या कप्प्यात नव्हतं. ते त्याच समुद्रात, मुख्य भूमीच्या वायव्येला होतं. हे मला कळलं तेव्हा पहाटेचे चार झाले असतील. बोट न घेता मी पाण्यावर चालायचा मंत्र म्हटला आणि चालायला लागलो. मंत्र संपत आला की पुन्हा म्हणायचा. दोन्ही बाजूंना करडं पाणी, मागे बर्फाचं बेट धुक्यात विरत चाललेलं, पुढे काहीच नाही. त्या काळच्या संगणकांना लांबचं दिसायचंच नाही, धुकं म्हणजे यंत्राची लाज झाकायचं पांघरूण. बराच वेळ नुसतं चालणं. मग धुक्यातून काळे खडक वर आले आणि पहिला क्लिफ रेसर किंचाळत अंगावर आला. क्लिफ रेसर म्हणजे त्या खेळातला सगळ्यात वैतागवाणा उडता प्राणी, त्याला शिव्या न दिलेला खेळाडू मला भेटलेला नाही. पण त्या पहाटे तो अंगावर आला आणि मला गावच्या फाट्यावर उतरल्यासारखं झालं.

असं परतणं मला नंतर कुठल्याही खेळात मिळालं नाही. मधलं अंतर पायांनी संपवलेलं.

त्या विस्तारात एक काम होतं. ईस्ट एम्पायर कंपनी नावाच्या व्यापारी पेढीसाठी बेटावर खाणवस्ती उभी करायची. एबनी म्हणून काळा, मौल्यवान दगड, त्याची खाण. आधी चार झोपड्या, मग मजूर, मग दुकान. कुठलं दुकान आणायचं तेही आपणच ठरवायचं. दर खेपेला परत आलो की वस्ती थोडी वाढलेली. शेवटी आपल्यालाही तिथे एक घर मिळतं. त्या वस्तीचं नाव रेवन रॉक.

हो, तेच.

२०१३ मध्ये मी ग्यालुंडच्या बोटीतून उतरलो ते या गावात. खेळाच्या कालगणनेत मधे दोनशेच्या वर वर्षं गेलेली. मधे लाल पर्वत फुटला, बेटाचा दक्षिण भाग राखेखाली गेला, कंपनी गेली, निर्वासित आले, गाव त्यांच्या घराण्याच्या ताब्यात गेलं. एबनी संपली म्हणून खाण बंद. मी हे सगळं खेळाबाहेर कुठेही वाचलं नव्हतं. धक्क्यावरून चालत आत गेलो आणि खाणीचं तोंड बघून थांबलो, कारण ती जागा मी ओळखत होतो. माझं घर शोधायचा वेडेपणाही केला. ज्या किल्ल्यात 'ब्लडमून'मधलं पहिलं काम मिळालं होतं तो फ्रॉस्टमॉथ पडका झालेला, आणि ते काम देणारा कप्तान फाल्क्स कॅरियस मेल्यावर दोनशे वर्षांनी कुणीतरी उठवून पुन्हा फौज घेऊन निघालेला. त्याला मारायचं काम माझ्याकडेच आलं. मारलं. त्यानं मला ओळखायचं काही कारण नव्हतं.

आता खाणीवर येतो. मी वाढलो ते चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या एका कॉलरीच्या, म्हणजे कोळशाच्या खाणीच्या, क्वार्टरमध्ये. बाबा तिथे माइनिंग सरदार होते. ज्यांना माहीत नाही त्यांना सरदार म्हटलं की घोडा आणि फेटा आठवतो. खाणीत सरदार म्हणजे आपल्या भागात गॅस आहे का बघणारा, छत तपासणारा, आणि धोका दिसला तर माणसं मागे घेणारा माणूस. बाबांकडे एक काठी होती. तिनं छत ठोकायचं आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर आत पोकळी आहे, खाली कुणी थांबायचं नाही. घरीसुद्धा नवीन भांडं आणलं की ते आधी टिचकी मारून ऐकायचे. आई चिडायची.

आमच्या घराच्या खिडकीत, दोरीवरच्या कपड्यांवर, पापडांवर काळी धूळ बसायची. रेवन रॉकमध्ये राख बघून मला जे परकं वाटायला हवं होतं ते वाटलं नाही, त्याचं कारण हे. शिफ्टचा भोंगा झाला की पंधरावीस मिनिटांनी कॉलनीच्या रस्त्यावर माणसं दिसायला लागायची, आणि बायका एकमेकींना विचारायच्या, "वर आले का?" घरी आले का, असं कुणी विचारत नसे. वर येणं हेच खरं येणं. वर आल्यावर मग माणूस चहाच्या टपरीवर तासभर बसला तरी चालायचं.

खाणीत उतरण्याआधी लॅम्प रूममधून टोपीचा दिवा घ्यायचा. प्रत्येकाचा नंबर ठरलेला. वर आलं की दिवा परत त्याच खाचेत. शिफ्ट संपल्यावर लॅम्प रूमच्या माणसानं नुसती नजर फिरवली की झालं. एक खाच रिकामी असेल तर एक माणूस अजून खाली आहे. बाबांनी मला एकदा ती खोली दाखवली होती, मी दहा-अकरा वर्षांचा असेन. दिव्यांच्या रांगा बघून मला दिवाळीच्या दुकानासारखं वाटलं. ते म्हणाले, खाणीत जाणं कुणालाही जमते, ही सगळी व्यवस्था यायसाठी आहे. खाणीला बाहेर पडायला निदान दोन वाटा हव्यात असा कायदाच आहे, हेही तेव्हाच ऐकलं.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं. जमिनीखालची ती खाण पुढे बंद झाली आणि शेजारच्या उघड्या खाणीचा विस्तार झाला. कागदोपत्री शब्द तोच, विस्तार. काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्तानं तिकडे गेलो तर ओळखीचा रस्ताच नव्हता. जिथून शाळेत जायचो तिथे खड्डा, आणि खड्ड्यातून काढलेल्या मातीचे डोंगर. रिक्षावाल्याला मी कॉलनीचं नाव सांगितलं. त्यानं विचारलं, "जुनी का नवी?" मला नवी होती हे माहीत नव्हतं. जुनीत गेलो. आमच्या रांगेतली चार क्वार्टरं उभी होती, बाकीची पाडलेली. आमचं कुठलं हे मोजून काढावं लागलं, आणि मोजायला कुठून सुरुवात करायची ते कळेना. दहा मिनिटं उभा राहिलो आणि त्याच रिक्षानं परत फिरलो. रडूबिडू आलं नाही. खरं सांगायचं तर रेवन रॉकमध्ये माझं घर शोधताना जास्त कसंतरी झालं होतं, आणि याची मला थोडी लाज वाटते.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे पुण्याला असतात. गेल्या हिवाळ्यात मी स्कायरिम पुन्हा लावलं. रात्री त्यांना झोप लागत नाही, मग येऊन मागच्या खुर्चीत बसतात. मारामारीत त्यांना रस नाही. ड्रॅगन आला की ते वर्तमानपत्र उघडतात. पण एका रात्री मी ब्लीक फॉल्स बॅरोमधून, म्हणजे डोंगरातल्या एका थडग्यातून, गेलो. शेवटच्या दालनानंतर दगड सरकतो आणि आपण आलेल्या वाटेनं न परतता दुसऱ्याच बाजूला, तळ्याच्या वर बाहेर पडतो. त्या खेळातली पुष्कळशी भुयारं अशी वळसा घेऊन बाहेर सोडतात, खेळाडूला रिकाम्या खोल्यांतून परत चालायला लागू नये म्हणून. बाबांनी पेपर खाली घेतला. "दुसरी वाट ठेवली आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठीच पावती.

मग सोल्स्थाइम. रेवन रॉकच्या बंद खाणीत शिरलो.

"हे कायचं आहे?"

"खाण आहे, बाबा."

"कोळशाची?"

"नाही, एबनी म्हणतात. काळा दगड असतो. तलवारी करतात."

ते पुढे वाकले. "लाकडं बरी लावली. पण पुढे मोकळं सोडलं आहे. छताला बोल्ट एक नाही दिसत." थोडा वेळ बघून, "ठोक ना छत."

छत ठोकायची सोय नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. तोंडाशीच एक म्हातारा आपल्या बायकोशी भांडत असतो, क्रेसियस कॅरेलियस. त्याचं म्हणणं, एबनी संपली म्हणून खाण बंद झाली हे खोटं आहे, कंपनीनं काहीतरी लपवलंय. आणि त्याचा पणजोबा ग्रेशियन याच खाणीत गेला तो आलाच नाही. छत पडून मेला, असं कंपनीनं घरच्यांना सांगितलं.

"प्रत्येक खाणीत असा एक म्हातारा असते," बाबा म्हणाले. मग जरा वेळानं, "याचा पणजोबा आतच आहे?"

"तेच शोधायचंय."

"काहून? लॅम्प रूम नव्हती का यांच्याकडे?"

मी खेळ थांबवला. त्या विस्तारात मिराक नावाचा खलनायक आहे, जो आपण मुख्य भूमीवर परतलो तरी मधेच प्रकट होऊन मारलेल्या ड्रॅगनचा आत्मा हिसकावून नेतो. काळी पुस्तकं आहेत, उघडली की दुसऱ्याच जगात ओढून नेणारी, आणि तिथून यायचं तर तेच पुस्तक पुन्हा वाचायचं. परत येण्याबद्दलच्या एवढ्या कल्पना एका बेटावर ठासून भरल्या आहेत, आणि दोनशे वर्षांत कुणी खाचा मोजल्या नाहीत. 'सीओसी व्हाइटरन' मला का करवलं नव्हतं ते त्या क्षणी कळलं. आत गेल्याची नोंद आहे, आल्याची नाही, असा दिवा कुठेतरी राहून गेला असता.

खाली गेलो. लाकडी फळ्या तोडल्या, पाण्यात उतरलो, प्राचीन थडग्यात शिरलो. ग्रेशियन सापडला. हाडं, शेजारी तलवार, आणि कंपनीच्या साहेबलोकांना अडचणीचं वाटेल असं सगळं लिहून ठेवलेली वही. बाबांनी वही वाचायला लावली. इंग्रजी मजकूर मी मोठ्यानं मराठीत सांगत गेलो. ते काही बोलले नाहीत. रात्रीचा दीड वाजला होता, माझं दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. मी सेव्ह करून बंद करायला गेलो.

"त्या म्हाताऱ्याला सांग पहिले."

सांगितलं. त्याची बायको गप्प झाली. आता खाण पुन्हा सुरू होणार होती. मी सवयीनं सगळं सामान गोळा करून धक्क्यावर आलो, ग्यालुंडपाशी गेलो, विंडहेल्मला चल म्हणालो. पडदा काळा झाला. बाबा उठायला निघाले होते, खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून तसेच थांबले. आमच्या जुन्या संगणकावर हे जरा वेळ चालतं. मग बर्फ दिसलं, दगडी भिंत, धक्क्यावरचे मजूर.

"आला का वर?"

"आला, बाबा."

त्यांनी दिवा मालवला आणि झोपायला गेले.